काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब’ आलंय, आता सगळं पुसू का?

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर

प्रश्न : नमस्कार. मंगळवार पेठेत आमचं लग्नपत्रिका छपाईचं दुकान आहे. दुकानातला लॅपटॉप आय-फाइव्ह आठव्या जनरेशनचा आहे, भाच्यानं इंजिनिअरिंगला असताना त्यात विंडोज १० च्या बाजूला उबुंटू (लिनक्सची फुकट सिस्टीम) टाकलं होतं. आता भाचा पुण्याला नोकरीला, उबुंटू कोणी वापरत नाही, उगीच जागा खातंय म्हणून एक व्हिडिओ बघत डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला तुकडा) डिलीट मारलं. रिस्टार्ट केलं तर काळी स्क्रीन, वर ‘ग्रब’ एवढा एकच शब्द आणि पुढं काही नाही. जवळच्या एका दुकानात दाखवलं तर म्हणाले फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाणार. डी ड्राइव्हला सहा वर्षांच्या पत्रिका आहेत हो! तुळशीचं लग्न झालं की आमची सराई सुरू. डेटा खरंच गेला का? आणि सगळं पुसून विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर ते नीट कसं करायचं?

उत्तर : दादा, डेटा गेलेला नाही. आधी लॅपटॉप त्या दुकानातून घरी घेऊन या, कारण आत्ता त्याच्यावर काहीही न करणं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

झालंय काय ते सांगतो. पुण्याकडनं माणूस कोल्हापुरात येताना तावडे हॉटेलच्या चौकात पाटी वाचून आत वळतो ना, तसं तुमच्या डिस्कच्या सुरुवातीला साधारण १०० ते २६० एमबीचं एक छोटं पार्टिशन असतं, त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. लॅपटॉप चालू झाला की पहिल्यांदा तिथं बघतो, कुठल्या सिस्टीमकडं जायचं ते. उबुंटू टाकताना त्यानं तिथं आपली पाटी सगळ्यात पुढं लावली, तिचंच नाव ग्रब. तुम्ही उबुंटूचं घर पाडलं पण पाटी तशीच राहिली, त्यामुळं लॅपटॉप पाटी वाचतो, त्या पत्त्यावर जातो, तिथं मोकळा प्लॉट, म्हणून ‘ग्रब’ लिहून वाट बघत थांबतो. विंडोजचं घर, डी ड्राइव्ह, पत्रिका सगळं जिथल्या तिथं आहे, विंडोजची पाटीसुद्धा तिथंच मागं लावलेली आहे, फक्त तुम्ही हातानं तिकडं वळवायला पाहिजे.

त्यासाठी त्या काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत ‘एक्झिट’ टाइप करून एंटर मारा, बऱ्याच लॅपटॉपवर तेवढ्यानंच विंडोज चालू होतं. नाही झालं तर बंद करून परत चालू करताना बूट मेनूची की दाबत राहायची, डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला आधी एस्केप मग एफ ९, आसूसला बहुतेक एस्केप. जी यादी येईल त्यात ‘उबुंटू’ आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी दोन नावं दिसतील, दुसरं निवडा. विंडोज उघडलं की तुमच्या पत्रिका डोळ्यांनी बघून घ्या आणि मगच पुढचं वाचा.

(ज्यांचा कॉम्प्युटर खूप जुना, जुन्या बायोसवाला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा आतला प्रोग्राम जुन्या पद्धतीचा, आहे त्यांना ‘ग्रब रेस्क्यू’ असे दोन शब्द दिसतात. तिथं ही पाटी डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असते आणि बूट मेनूतून सुटका होत नाही, विंडोजच्या पेनड्राइव्हवरनं रिपेअरमध्ये जाऊन बूट रेकॉर्ड दुरुस्त करावा लागतो. पण तिथंही डेटा शाबूत असतो, फॉरमॅट लागत नाही.)

एक राहिलं, भाच्याला आजच फोन करा. त्याच्या प्रोजेक्टचं काही उबुंटूमध्ये राहिलं असेल तर अजून मिळू शकतं, कारण डिलीट मारलं म्हणजे फक्त यादीतनं नाव खोडलं, आतला मजकूर जागेवरच असतो, टेस्टडिस्क नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं असं पार्टिशन परत उभं करता येतं. अट एवढीच की त्या मोकळ्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलेलं नको. म्हणून भाच्याचं उत्तर येईपर्यंत ती जागा सी ड्राइव्हला जोडायची नाही की तिथं नवीन ड्राइव्ह करायचा नाही.

आता सगळं पुसून नवीन टाकण्याचं. तुमच्या केसमध्ये ते करावं असंच माझं मत आहे, कारण विंडोज १० चा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुकानाच्या मशीनवर तुम्ही गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप, पेमेंट सगळं उघडता. आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरला विंडोज ११ चालतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते ती इंटेलच्या मशीनमध्ये बायोसमध्ये पीटीटी नावानं असते, बंद असेल तर चालू करायचं. ४ जीबी रॅमवर चालतं असं लिहिलेलं असतं, पण कोरल ड्रॉ उघडून काम करायचं तर ८ च्या खाली जाऊ नका.

पण पुसायच्या आधी एक विचारतो, लॅपटॉपमध्ये अजून जुनी गोल फिरणारी हार्ड डिस्क आहे का? त्या काळातल्या बऱ्याच मशीनला १ टीबीची तीच यायची. तसं असेल तर ती पुसूच नका! नवीन एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या, जुनी डिस्क काढून तिच्या जागी ती बसवा, विंडोज ११ त्या कोऱ्या एसएसडीवर टाका आणि जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून कपाटात ठेवा. काही विसरलं असेल, एखादा फॉन्ट, एखादी जुनी पत्रिका, तर ती डिस्क लावली की समोर हजर. लॅपटॉप कितीतरी पळायला लागेल ते वेगळंच. विंडोजचं लायसन्स मुख्यतः मदरबोर्डला बांधलेलं असतं, डिस्क बदलल्यानं जात नाही. माझ्याकडं कोणी असा लॅपटॉप घेऊन आला तर मी पहिल्यांदा हेच सुचवतो, कारण न पुसलेल्या डिस्कवरची चूक दुसऱ्या दिवशीसुद्धा सुधारता येते.

तरी ती डिस्क म्हणजे तुमचा एकमेव बॅकअप असं होऊ देऊ नका, सहा-सात वर्षं फिरलेली आहे ती. पत्रिकांची एक कॉपी दुसऱ्या एक्सटर्नल डिस्कवर काढा आणि ती दुकानात नाही, घरी, तेही वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कुठपर्यंत आलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप एकाच टेबलाखाली असला तर दोन्ही एकदम जातात.

आणि बॅकअप म्हणजे नुसता डी ड्राइव्ह नाही हं. तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त माणसं जिथं फसतात ते म्हणजे फॉन्ट. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिका आतून खरं तर इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्येच साठवलेली असते, फॉन्ट आहे म्हणून ती मराठी दिसते. नवीन विंडोजवर तोच फॉन्ट नसला की ‘चि.सौ.कां.’ च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि फाइल खराब झाली असं वाटून माणूस घाबरतो. फाइल चांगली असते, फॉन्ट नसतो. तेव्हा सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण २०१८ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून नुसता डबल क्लिक करून टाकलेला फॉन्ट तिथं जात नाही, तो तुमच्या युजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये, ॲपडेटा म्हणून लपवलेलं फोल्डर असतं त्यात, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज असं करत आत फॉन्ट्समध्ये जातो. लपवलेली फोल्डरं दिसायची सेटिंग चालू करून तेही घ्या. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल (यूएसबीला लावायचा लायसन्सचा छोटा तुकडा) किंवा लायसन्सची की असेल तर ती शोधून हाताशी ठेवा, ज्या सॉफ्टवेअरला अकाउंटनं लायसन्स आहे त्यातनं पुसायच्या आधी साइन आउट करा. आणि पूर्ण झालेल्या पत्रिका कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारात रूपांतर करून) पीडीएफ काढून ठेवायची सवय आता लावाच. मूळ फाइल असू दे, पण कर्व्ह केलेलीला फॉन्ट लागत नाही.

बाकी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही तिन्ही सी ड्राइव्हवर असतात, विसरू नका. ब्राउझरमधले पासवर्ड अकाउंटला सिंक आहेत का बघा. हिशोबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या आतनंच बॅकअप काढा. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दहा-बारा फाइली खरंच उघडून बघा, नुसतं फोल्डर दिसलं म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका.

लायसन्ससाठी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडा, डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्ह आहे असं लिहिलेलं असलं की काम झालं. एडिशन कुठली तेही लिहून घ्या, आपल्याकडं लॅपटॉपबरोबर बऱ्याचदा ‘होम सिंगल लँग्वेज’ येते, तिथं चुकून प्रो टाकलं तर ॲक्टिव्ह होणार नाही. कंपनीनं विंडोज घालून दिलेल्या लॅपटॉपला लायसन्सची की बायोसमध्येच असते, सेटअप ती आपोआप उचलतो, विचारलीच तर ‘माझ्याकडं की नाही’ निवडून पुढं जायचं.

पेनड्राइव्ह कमीत कमी ८ जीबीचा घ्या, त्यातलं सगळं पुसलं जातं म्हणून रिकामा घ्या, आणि दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरून तो तयार करा. कोणी दिलेल्या ‘आधीच ॲक्टिव्ह केलेल्या’ विंडोजच्या कॉपीवर धंद्याचं मशीन चालवू नका, त्यात आत काय घातलंय हे देणाऱ्यालासुद्धा माहीत नसतं. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बॅटरी भरलेली असू दे, लाइटीचा भरवसा नाही. आणि एक्सटर्नल डिस्क काढून ठेवा. ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, बॅकअपची डिस्क लावलेली असताना विंडोज टाकायला बसायचं नाही, कारण सेटअपमध्ये ड्राइव्हला सी, डी अशी नावं दिसत नाहीत, ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ असे नुसते नंबर दिसतात, आणि घाईत माणूस बॅकअपच पुसतो.

बूट मेनूत पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकाच्या पुढं यूईएफआय लिहिलेलं असतं, तोच घ्यायचा. दुसरा घेतला तर पुढं जाऊन डिस्क जीपीटी स्टाइलची आहे, इथं विंडोज टाकता येत नाही असा मेसेज येतो आणि तो बघून लोक डिस्क कन्व्हर्ट करत बसतात, त्याची काही गरज नसते, परत बूट मेनूत जाऊन बरोबर नोंद निवडायची.

मग पार्टिशनची यादी. नवीन एसएसडी असेल तर एकच ओळ दिसेल, अनॲलोकेटेड स्पेस म्हणजे मोकळी जागा, ती निवडून नेक्स्ट. जुनीच डिस्क वापरणार असाल तर १०० एमबीचं, १६ एमबीचं, सी, डी, रिकव्हरी, अशा पाच-सात ओळी दिसतील. इथं अर्धवट काम करू नका. विंडोजवाली एकच ओळ फॉरमॅट करून पुढं गेलात तर ईएफआय पार्टिशनमधली उबुंटूची पाटी तशीच राहते आणि बायोसमध्ये त्याची नोंदही. डिस्क ० च्या सगळ्या ओळी एकेक करून डिलीट करायच्या, शेवटी एकच अनॲलोकेटेड उरली पाहिजे, तिच्यावर नेक्स्ट दाबलं की लागणारी छोटी पार्टिशनं विंडोज स्वतः पाडतो. लक्षात घ्या, डी ड्राइव्ह त्याच डिस्कचा तुकडा आहे, तोही जाणार. सी फॉरमॅट केला तरी डी राहतो या सवयीवर इथं जाऊ नका. लॅपटॉपमध्ये खरोखर दोन डिस्क असतील तर साइज बघून ओळखा आणि शंका आली की थांबा, मशीन बंद करा, डिलीट दाबेपर्यंत काहीच बिघडत नाही.

सेटअपला इंटरनेट लागतं आणि कधी कधी वायफायचा ड्रायव्हर नसल्यानं नेटवर्कच दिसत नाही, तेव्हा मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. (अकराव्या किंवा पुढच्या जनरेशनच्या काही लॅपटॉपमध्ये सेटअपला डिस्कच दिसत नाही, तिथं लॅपटॉप कंपनीच्या साइटवरनं इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ करावं लागतं. तुमच्या मशीनला बहुतेक ती वेळ येणार नाही.)

चालू झाल्यावर आधी अपडेट, मग ॲक्टिव्हेशन बघा, मग फॉन्ट, मग कोरल, आणि पत्रिका सगळ्यात शेवटी. बायोसमध्ये ‘उबुंटू’ ची नोंद अजून दिसली तर बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर घ्या, झालं. आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघून ठेवा, अलीकडचं विंडोज ११ नव्यानं टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू होतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून दुकानाच्या फायलीत लावा. पुढं कधी बायोसमध्ये काही बदललं आणि मशीननं ती मागितली, तर त्या कागदाशिवाय तुमच्याच पत्रिका तुम्हाला उघडणार नाहीत.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आहे. लॅपटॉपमध्ये विंडोज आणि उबुंटू दोन्ही वापरते. उबुंटूमधनं विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागं जातं, आणि विंडोजचे ड्राइव्ह उबुंटूमध्ये उघडतात पण फाइल सेव्ह होत नाही. मैत्रीण म्हणते दोन्ही उडवून परत टाक. टाकू का?

उत्तर : अजिबात नको ताई, दोन्ही गोष्टी पाच मिनिटांच्या आहेत. मदरबोर्डवरच्या घड्याळात उबुंटू जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज त्याच घड्याळाला आपली भारतीय वेळ समजतं, दोन्हीत फरक बरोबर साडेपाच तासांचा, म्हणून तेवढंच मागं जातं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड आहे, तिच्यात लोकल आरटीसीची (त्याच मदरबोर्डवरच्या घड्याळाची) सेटिंग १ केली की तेही भारतीय वेळ लिहायला लागतं. सेव्ह न होण्याचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपलेलं असतं, आणि अशा ड्राइव्हवर लिहिलं तर फाइली बिघडतील म्हणून उबुंटू तो फक्त वाचायला उघडतं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, एकदा पूर्ण शटडाउन करून बघा. जबरदस्तीनं लिहायला लावायच्या कमांड कोणी सांगितल्या तर वापरू नका, डिझर्टेशनचं काम आहे त्यात.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं फाउंड्रीचं ऑफिस आहे. एक जुना डेस्कटॉप विकायचाय, त्यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, १ टीबीची हार्ड डिस्क. कस्टमरची ड्रॉइंग आहेत, ती कोणाला मिळता कामा नयेत. विंडोजमधलं रीसेट पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. रीसेट विंडोजला दिसणाऱ्या ड्राइव्हवर चालतं, लिनक्सचं पार्टिशन त्याला कळत नाही, ते आतल्या ड्रॉइंगसकट तसंच राहू शकतं. आणि क्विक फॉरमॅटनं फक्त यादी पुसली जाते, हे वर पत्रिकेवाल्या दादांना सांगितलं तेच, त्यांच्यासाठी ती आशा आहे आणि तुमच्यासाठी धोका.

विंडोजचा पेनड्राइव्ह लावून सेटअपच्या पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ १० दाबा, काळी कमांड विंडो उघडते. तिथं इंग्रजीत डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, साइज बघून सिलेक्ट डिस्क ०, आणि मग ‘क्लीन ऑल’. नुसतं ‘क्लीन’ लिहिलं तर दोन सेकंदात होतं पण ते परत यादीच पुसणं झालं, ‘ऑल’ लावलं की डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. १ टीबीला अडीच-तीन तास सहज लागतील, जुनी डिस्क असेल तर जास्तच, तोपर्यंत स्क्रीनवर काही हलत नाही म्हणून बंद करू नका. एसएसडी असती तर हा मार्ग सांगितला नसता, तिला बायोसमधलं किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरायचं असतं.

ड्रॉइंग खरोखरच गोपनीय असतील, कस्टमरशी तसा करार असेल, तर डिस्क काढून घ्या आणि डेस्कटॉप डिस्कशिवाय विका. खराब झालेले सेक्टर डिस्क स्वतःच बाजूला ठेवते, तिथपर्यंत क्लीन ऑलसुद्धा पोचत नाही. थोडे पैसे कमी येतील, ते चालेल.

डिस्कसकट देणार असाल तर पुसून झाल्यावर त्याच्यावर विंडोज किंवा लिनक्स नव्यानं टाका, पण तुमच्या नावानं अकाउंट तयार करू नका. विंडोज असेल तर देश आणि भाषा निवडायची पहिली स्क्रीन आली की तिथंच पॉवर बटण दाबून बंद करा आणि तसाच घेणाऱ्याच्या हातात द्या.